निळं टिंब

प्रिय ठमाबाई,

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे असतं, ती वजा करून सांगते आहे. त्या वेळी स्टाफरूममध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, तुझ्या मार्गदर्शक मॅडमनी नोकरीच्या अर्जासोबतच्या तुझ्या निबंधातल्या तिसऱ्या परिच्छेदावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. आणि तू, माझी सख्खी भाची, मान खाली घालून म्हणालीस, "हो मॅडम, काढते." माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता म्हणून गप्प राहिले. नाहीतर तुझी नोकरी लागण्याआधीच गेली असती.

आता त्याआधीचा तुझा तास सांगते, कारण तू फळ्यापाशी होतीस, तुला शेवटचं बाक दिसलं नाही. चौतीस वर्षं शिकवल्यावर मी पहिल्यांदाच वर्गात मागे बसले होते, गुडघे हनुवटीशी घेऊन. तू टॅब वाटलेस तेव्हा मी तोंड वाकडं केलं, हे कबूल. वाटलं, आता टुंग वाजणार, लाल फुली येणार आणि खाली आयतं उत्तर. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर निदान फुली मारायला जागेवरून उठायच्या तरी!

माझ्या शेजारची दोन वेण्यांची मुलगी अपूर्णांकांची वजाबाकी करत होती. दुसऱ्या पायरीला चुकली. टुंग नाही, फुली नाही. त्या ओळीच्या डाव्या बाजूला एक छोटं निळं टिंब उमटलं आणि यंत्र चक्क गप्प बसलं. माझं टिंब! वहीच्या समासात मी आयुष्यभर शिसपेन्सिलीने देत आले ते. चुकलेल्या ओळीपाशी टिंब, बाकी अवाक्षर नाही, चूक मुलाने शोधायची. चोरटे, न विचारता उचललंस आणि यंत्राला शिकवलंस! मला इतका आनंद झाला की उठायला गेले आणि गुडघा बाकावर आपटला.

पोरीने टिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, तुम्हाला येतं का हे?" म्हटलं, येतं, पण सांगणार नाही. "मग इथे बसलात कशाला?" तिने नाक मुरडलं, नख खाल्लं, वेणी चावली, आणि चार मिनिटांनी "अगं बाई, छेद सारखे केलेच नाहीत की!" म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारला. काय चेहरा झाला होता तिचा! त्या चार मिनिटांसाठी तर आपण वर्गात उभे राहतो.

मॅडम म्हणतात, यंत्र क्षणात उत्तर देतं, तर मुलांना ताटकळत कशाला ठेवायचं? अगं, ते क्षणात देतं म्हणूनच त्याला थांबायला शिकवायचं! तिसऱ्या परिच्छेदात तू हेच लिहिलं होतंस, मला जमलं नसतं इतकं चांगलं. बाकीचे पाच परिच्छेद कोणीही लिहील. 'एकविसाव्या शतकातील विद्यार्थी' वाचताना मला दोनदा जांभई आली. पण ते टिंब! काल दुपारभर मी कागद काळे करत बसले होते. कोण किती वेळ अडलं, हे तुला नंतर दिसतं का? साठ वह्यांच्या गठ्ठ्यात मला ते कधी कळलंच नाही. शेजारी बसलेल्या दोन मुलींना एकमेकींची टिंबं दाखवता येतील का? मला सगळं शिकव.

हेच सांगायला तुझ्या आईला फोन केला, तर म्हणाली, "वन्सं, गणित म्हटलं की माझं डोकंच बंद होतं." आठ पडद्यांचं कापड नुसत्या नजरेने कापते, बोटभर वाया जात नाही, आणि म्हणे डोकं बंद! यावर तू नेहमी हसतेस. मी हसत नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं का?

माझ्या पहिल्या वर्षी ती माझ्या वर्गात होती, एवढं तुला माहीत आहे. ती अकरा वर्षांची, मी बावीसची, हातात नवं कोरं लाल पेन. तिच्या एका पानावर मी सतरा फुल्या मारल्या आणि ती वही वर्गासमोर उंच धरली. मुलं हसली. ती रडली नाही. वही मिटून घेऊन गेली आणि माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही. नंतर मी ते पान आठवत बसले, तेव्हा कळलं की सतराही ठिकाणी चूक एकच होती. छेद सारखे केले नव्हते. एका टिंबाचं काम होतं. पुढे ती आपल्याच घरात सून म्हणून आली. पहिल्या चहालाच माफी मागायचं ठरवलं होतं; अजून नुसता चहाच पिते आहे. म्हणून तो परिच्छेद काढायचा नाही. निबंध सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा आहे ना? त्याआधी तो, आणि हे पत्रही, आईला मोठ्याने वाचून दाखव. मला तोंडाने जमलं नाही. ती काय म्हणाली ते मला शनिवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन नको, आणि ते अंगठ्याचं चित्र तर मुळीच नको.

तुझीच,
संतापलेली आत्या