लाल पेन्सिलीच्या खुणा

मुलुंड, १४ ऑगस्ट १९५६

चि. सुनंदास ताईचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. आईचा खोकला थांबला का?

निवृत्तीनंतर कमर्शियल आर्टच्या वर्गाला बसले खरी, पण मुले मला ‘बाई’ म्हणतात आणि शेजारचे बाक रिकामे ठेवतात.

ज्यांच्या जाहिराती मला आवडतात अशा पाच चित्रकारांना मी स्वतः रंगवलेली पोस्टकार्डे पाठवली. चौघांचे उत्तर नाही. पाचव्यांनी माझेच कार्ड लाल पेन्सिलीने तपासून पाकिटातून परत धाडले: “अक्षरे फार लांब लांब बसली आहेत. जवळ घ्या.” तीस वर्षे मी वह्या तपासल्या, माझे कोणी तपासले नव्हते.

सुधारलेले कार्ड त्याच दिवशी झाले. पण आठवड्याने टाकीन. लगेच टाकले तर त्यांना वाटेल, या बाईला दुसरे कोणी नाही.

तुझी,
ताई