मनखूलची आरोळी

प्रिय गनी,

रविवारी सकाळी मी जप अर्धवट सोडून फोन उचलला. गावच्या मैदानावरून कॉलेज टीमचे कोच बोलत होते. "दिगंबरभाऊ, गनीभाई वारल्यापासून पोरं मुकाट खेळतायत. आज तुम्ही ओरडा ना!"

तू त्या कॉलेजात एक दिवसही शिकला नाहीस. तुझं घर मैदानाला लागून होतं, एवढंच. तरी दुबईत आल्यापासून प्रत्येक मॅचला तू इथल्या मनखूल भागातल्या आपल्या दोघांच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून फोनवर ओरडायचास, आणि तिकडे फोन स्पीकरवर असायचा. मला चिडवायचास, "दिगू, तुझ्या देवाला हळू आवाज चालतो, पोरांना नाही चालत."

मला तर आरतीसुद्धा मोठ्याने म्हणता येत नाही. नाही म्हणणार होतो, तेवढ्यात पलीकडे गलका झाला. आपल्या पोरांनी गोल खाल्ला होता. मी बाल्कनीत गेलो, डोळे मिटले आणि तुझ्यासारखाच ओरडलो, "यल्ला रे, पळा पळा! पाय आहेत की पापड?"

शेजारची ओवी दचकून म्हणाली, "अंकल, आर यू ओके?" फोनमध्ये मात्र पोरं खदाखदा हसली आणि एकदम जोरात खेळू लागली.

हरलो रे, तीन-एकने. पण यापुढे प्रत्येक मॅचला मलाच फोन लावा, असं मी कोचना सांगून टाकलंय.

घसा बसलेला,
दिगू