यंदा शिडी वाजवशील तेव्हा

नदीच्या या काठावरून आईला,

आम्ही बरे आहोत. छावणीतल्या घराचं पानांचं छप्पर नवं केलंय. तांदूळ कमी मिळतो, पण मासळीच्या चटणीवर भागतं. माझ्या लेकीचा, म्वीचा खोकला गेलाय, पहाटे तेवढा येतो. तुझे गुडघे काय म्हणतात?

मनगटाला दोरे बांधायचा सण आला. तू भाताच्या पळीने घराची शिडी वाजवून आमचे भटकलेले जीव घरी बोलावशील. रेशनच्या रांगेत मी हरवल्यासारखी उभी असते, तेव्हा शेजारीण म्हणते, "हिचा जीव आईने कधीच बोलावून घेतलाय. इथे नुसतं अंग आलंय."

खरंच असेल. नऊ वर्षं तू हाक मारतेस. यंदा माझं नाव गाळ, आई. पोरीसाठी माझा जीव मला इथेच हवाय.

तुझी,
एसो