वरचा सूर

५ जानेवारी, सोमवार

तीन आठवडे बोलायचं नाई. कुजबुजायचं तर अजिबातच नाई, त्यानं म्हणे गळ्याले जास्त ताण पडते. सेवाग्रामच्या डॉक्टर मॅडमनं नाकातून नळी घालून माहे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. त्यावर मोहरीएवढ्या दोन गाठी. 'खूप ओरडता का?' मॅडमनं विचारलं. मी मान हलवली. 'कशासाठी?' — आता काय सांगू, गाण्याच्या कंपनीनं ओरडायचेच पैसे देले!

आचलनं, माह्या बहिणीनं, दोनशे पानी वही आणून देली. समोरून लिहायचं ते घरच्यायसाठी: 'चहा', 'परत चहा', 'टीव्हीचा आवाज कमी करा'. मागून लिहायचं ते माह्यासाठी.

म्हणजे टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत साऱ्या देशात पयला आलेला ऋतिक आमच्या गावात, केळझरात, खाटेवर बसून 'वरणात मीठ कमी आहे' असं लिहून आईले दाखवून राह्यला. आईनं वाचलं. 'तोंड बंद आहे तरी नखरे चालूच याचे.' अन् मिठाचा डबा माह्यापुढं आपटला.

७ जानेवारी, बुधवार

परवा अल्बम येऊन राह्यला. माहा पयला! मुंबईच्या मोठ्या कंपनीचा, तोही रॉक. नाव 'सुलगता शहर'. मले जवळून माहीत असलेलं शहर म्हणजे वर्धा, अन् तिथं सुलगते ती चहाच्या टपरीवरची शेगडी. कव्हरवर मी चामड्याचं काळं जाकीट घालून, डोळ्यात जाड काजळ. आई फोटो पाहून म्हणे, 'काजळ लावलं ते बरं केलं. नजर नाई लागणार.'

एक फेब्रुवारीले, रविवारी, वर्ध्याच्या मैदानात कार्यक्रम आहे. बॅनर लागले — 'वर्ध्याची शान'. वर सात पुढाऱ्यायचे फोटो, खाली कोपऱ्यात शान.

त्या दिवशी मले गाता आलं पायजे. बाकी काही नाई पायजे. या लोकायनं फोन घासून घासून मले मतं देली. आईनं तर भाजी विकता विकता मतं मागितली. ज्यानं मत देलं नाई त्याले सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट भेटला नाई. अन् कंपनीवाल्या मॅडम म्हणते, गळा नाही सुधारला तर रेकॉर्ड लावू, तू फक्त ओठ हलव. मी वहीत लिहून फोटो पाठवला: 'वर्ध्यात नाही.' मॅडमनं अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मले अजून लागला नाई.

९ जानेवारी, शुक्रवार

आला! सकाळपासून ऐकून राह्यलो.

शेवटच्या गाण्यात एक सूर आहे, वर जाते अन् वरच राह्यते. मुंबईत तो सूर घेता घेताच माहा गळा बसला. रोज प्रयत्न करो, रोज मधातच फुटे. शेवटी साउंडवाला म्हणे, 'टेन्शन मत ले भाई, कंप्यूटर में ठीक कर देंगे.' अन् असा ठीक केला की अंगावर काटा येते. मी एवढं चांगलं गातो हे मलेच माहीत नव्हतं. परत ऐकला. परत. डोळ्यात पाणी आलं, माहं माह्याच गाण्यानं.

आचलनं हेडफोन ओढून घेतले. 'दादा, स्वतःवरच लाईन मारून राह्यला काय?'

११ जानेवारी, रविवार

आज बाबांनी ऐकला.

बाबा, म्हणजे रूपराव, घरच्या शेतातली भाजी गाडीत भरून रोज वर्ध्याच्या गल्ल्यायनं फिरवते. गाडीवर भोंगा आहे अन् त्यात आवाज माहा. बारावीत असताना मोबाईलवर भरून देलता: 'वांगे घ्या, पालक घ्या, भेदरं लाल लाल घ्याऽऽऽ'. भेदरं म्हणजे टमाटे. शेवटचा 'घ्या' लंबा ओढलेला — तेव्हापासूनच हौस! स्पर्धा जिंकल्यावर मी म्हटलं, आता तरी हे बदला, माही इज्जत जाते. बाबा म्हणे, बाया याच आवाजानं बाहेर निघतेत, तुह्या इज्जतीपायी वांगे घरी आणू काय.

तर बाबांनी खाटेवर बसून, डोळे मिटून, पूर्ण अल्बम ऐकला. मग म्हणे, 'चांगलं वाजवलं पोट्ट्यायनं. पण शेवटी तो वरचा आवाज हाये ना, तो तुहा नोय.'

मी लिहिलं: 'माझाच आहे. कॉम्प्युटरने धुऊन साफ केला.'

'वांगं धुतलं तरी वांगंच राह्यते ना बाबू. त्याची दोडकी नाई होत.'

मले असा राग आला! लिहिलं, 'तुम्हाले रॉक समजत नाई', अन् खाली दोन रेघा ओढल्या. बाबा 'बरं' म्हणाले अन् क्रेट उतरवाले गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळपासून जो येते तो तिळगूळ हातावर ठेवते अन् 'गोड बोल' म्हणून खो खो हासते. मी हासल्यासारखं करतो.

खरी गंमत वेगळीच. कोण्या पेपरवाल्यानं छापलं की यशाची हवा डोक्यात जाऊ नये म्हणून ऋतिकनं मौन धरलं, सेवाग्रामच्या मातीचा संस्कार! आता लोक जोड्यानं येऊन राह्यले. गावातल्या गणपतीचं दर्शन झालं की इकडे. एका म्हातारबुवानं माह्या पाया पडायले वाकून पाह्यलं. मी उठून मागं सरकलो तर तो बायकोले म्हणे, 'पाय, केवढी नम्रता.' गाठी आल्या म्हणून गप्प आहे हे मी कोणाकोणाले लिहून दाखवू? दोघायले दाखवलं. त्याईले तेही नम्रताच वाटली.

खरं सांगू? तिसऱ्या जोडप्यापासून मी दाखवणं बंद केलं. बरं वाटते.

१९ जानेवारी, सोमवार

पहिला शब्द कोणता बोलायचा, हे ठरवलं. 'आई.' पेपरात चांगलं दिसन.

२७ जानेवारी, मंगळवार

बोलता येते.

डॉक्टर मॅडमनं परत नळी घातली. गाठी लहान झाल्या. हळू बोला, खालच्या पट्टीत थोडं गुणगुणा. मी वहीत लिहिलं, 'वरचं?' 'वरचं सध्या विसरा. रविवारी तर नाहीच.'

बाहेर बाकड्यावर बसलो, 'आई' म्हणायले घरी फोन लावणार, तेवढ्यात फोन वाजला. पियुष. आमच्या स्पर्धेत दुसरा आलेला, रायपूरचा. फायनलले माह्या पायी हरला तो. 

'गला कैसा है भाई? लोग बोल रहे हैं गाना खूब चल रहा है. अच्छा लगा सुन के. वो ऊपरवाला सुर दो ही टेक में हो गया था मेरा. कंपनी ने बताया ना तुमको? बोले थे, ऋतिक को मालूम है.'

मी म्हटलं, 'हां, मालूम है.'

तीन आठवडे तोंड बंद ठेवून पयलं वाक्य काढलं, तेही खोटं.

२८ जानेवारी, बुधवार

ज्या सुरावर मी स्वतःच्या प्रेमात पडलो तो पियुषचा. ज्याले हरवाले साऱ्या जिल्ह्यानं फोन घासले, त्याच्याच आवाजावर सारा जिल्हा नाचून राह्यला. अन् मी बाबाले म्हटलं तुम्हाले रॉक समजत नाई. दोन रेघा ओढून!

कंपनीच्या मॅडमले फोन केला. मॅडम म्हणे, सगळेच करतात, करारात पण आहे, बाहेर बोलायचं नाही. रविवारी पूर्ण रेकॉर्ड लागेल. 'तू छान दिसतोस, ओठ हलव, मजा कर.'

मी काय म्हटलं? 'हो मॅडम' म्हटलं. मोठा आला शहर पेटवणारा.

संध्याकाळी मोटारपंपाच्या खोलीत जाऊन तो सूर घेऊन पाह्यला. खालून. जाडाभरडा निघाला, मधात खरखर. बकऱ्या पळाल्या नाई एवढंच. पण तो माहा होता. मी तिथंच बसून रडलो.

३० जानेवारी, शुक्रवार

घरात बसवत नव्हतं. मफलर गुंडाळून बाबासोबत गाडीवर गेलो. वर भोंग्यात बारावीतला मी ओरडून राह्यला, खाली आत्ताचा मी मेथीच्या जुड्या मोजून राह्यला. कोणता जास्त चांगला गाते हे विचारूच नाई.

एका गल्लीत कुसुमबाईनं ओळखलं. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याईनं घरात जाऊन फोन आणला अन् मले रिंग ऐकवली. तोच सूर. 'तू जिंकला तं म्या साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. आता कोणी फोन केला की उचलतच नाई मी, तुहा आवाज पूर्ण वाजू देतो. पोरगी रागावते.' अन् मायेनं माह्या गालावरून हात फिरवला.

मले अशी लाज वाटली की त्या मेथीत तोंड खुपसावं.

परत येताना बाबाले सांगतलं, 'तुम्ही म्हटलं ते बरोबर होतं. तो आवाज माहा नाई.' बाबांनी गिअर बदलला. 'मग रविवारी काय करतं?'

'रेकॉर्ड लावणार हायेत. मी ओठ हलवायचे.'

नाक्यावर बाबांनी गाडी हळू केली. मग म्हणे, 'येऊ का मी? का नोको येऊ?'

'येजा. पुढंच बसजा.'

काऊन म्हटलं तसं, माहीत नाई. त्याईनं पाहिलं तर मी मरून जाईन, अन् नाई आले तरी.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल मैदान भरून होतं. रेकॉर्ड लागली, मी ओठ हलवले, लोक नाचले. मग तो सूर आला. मी माइक खाली ठेवला अन् तोंड मिटलं. सूर चालूच राह्यला, मैदानभर, पुऱ्या लांबीचा. नाचणारे थांबले. पुढच्या रांगेत एकटे बाबा उभे राहून टाळ्या वाजवून राह्यले होते.