काढून ठेवलेले बफर

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. शरयूकाकूंच्या गाडीचं पुढचं उजवं चाक उतरवत होतो, तेवढ्यात कुरिअरवाला आला. विलायतेहून खोकं — दोन नवे शॉकअॅब्सॉर्बर आणि त्यांवर चढवायच्या दोन स्प्रिंगा. गॅरेजात सगळे शॉकप म्हणतात. इथे तरी मी नीट लिहितो.

गाडी साठ वर्षांची. दोन सीटची, वर छप्पर नाही. सांगलीला काकूंच्या यजमानांनी हौसेनं सांभाळलेली. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. आता काकूंना ती स्वतः चालवत वाईला, माहेरी न्यायची आहे, आणि पुढे पसरणीचा घाट चढायचा आहे. पण पुढचे जुने शॉकअॅब्सॉर्बर तेल गाळतात. वळणावर गाडी डुलते, काकूंच्या हाताला आवरत नाही.

आमच्या पलूसच्या गॅरेजचे मालक लालासाहेब मिस्त्री यांनी बंपर धरून गाडी हलवून पाहिली. म्हणाले, "गाडी हाय का साबणाची डबी?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवं सगळं बसवलं. दोरी आणि ओळंबा लावून दोन्ही चाकं सरळ रेषेत आहेत का ते तीनदा तपासलं. तिसऱ्या वेळी मिस्त्री म्हणाले, "आरं रविराज, लगीन लावतोयस का चाकांचं?"

पलूसपासून भिलवडीपर्यंत नेऊन आणली. खड्ड्यात चाक खाली जातं, गाडी जात नाही. असं काम माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिस्त्रींनी सकाळी दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकून बसवले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते घालतात. जीपमध्ये सहाच्या जागी तेरा माणसं, टेम्पोत खताची पोती. बफरनं गाडी वर उचलली जाते, स्पीडब्रेकरला पोट घासत नाही. गिऱ्हाईक खूश.

मी म्हणालो, "मिस्त्री, ही लय हलकी हाय. वजनच न्हाई, त्यात मधी बफर, मग स्प्रिंग दबंल कशी?"

"बाईमाणूस हाय. एकटी जाणार. खाली घासलं तर कुठं उतरून बघत बसंल?"

काळजीनंच म्हणाले.

संध्याकाळी एकटाच फेरी मारायला गेलो. वळणावर रस्ता उखडलेला. पुढची चाकं रस्ता सोडून उड्या मारायला लागली, स्टेअरिंग हातात हलकं झालं — फिरवतोय, पण गाडी वळत नाही. समोर उसाची ट्रॉली. हातभर अंतरावर थांबलो.

परत येऊन गाडी आत लावली. काकूंचा विचार आला. घाटात एका बाजूला दरीच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री लग्नाला फलटणला गेले. बफर काढून माळ्यावर ठेवले. पुन्हा त्याच वळणावर गेलो. गाडी धरून चालली.

मिस्त्री आल्यावर सांगणार होतो. नववीत शाळा सुटली तेव्हा बापानं मला आटपाडीहून आणून यांच्याकडे सोडलं. म्हणाला, "मेंढरामागं माझं आयुष्य गेलं, ह्याचं नगं." हातात पाना यांनी दिला, झोपायला माळा दिला. यांच्या हातचं काम मी उलटं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकू आल्या. मिस्त्री शेजारी बसले, काकूंनी चालवली. उतरल्यावर बराच वेळ गाडीला हात लावून उभ्या होत्या.

"लालासाहेब, काय केलंत हो? हे होते तेव्हासुद्धा इतकी शहाण्यासारखी चालत नव्हती."

"बफर, ताई. विलायतवाल्यांना आपला रस्ता काय म्हाईत? तेवढं अधनंमधनं वाकून बघत जावा, जाग्यावर हायत का."

माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

६ मार्च, गुरुवार

चौकात चहाच्या गाड्यावर मिस्त्री रोज हीच गोष्ट सांगतात. आज ट्रॅक्टरवाला कृष्णात म्हणाला, "मिस्त्री, आता विलायतेलाच बफरचं दुकान टाका. हितं काय ठेवलंय?" सगळे हसले. मिस्त्रींनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. माझ्याही.

२१ मार्च, शुक्रवार

मिस्त्री संध्याकाळी सांगलीहून आले, एकदम खुशीत. काकूंचा फोन आला होता म्हणे — उद्या वाईला निघायचं, म्हणून वाकून बघितलं तर बफर नाहीत.

"पडलं असत्याल रस्त्यात. नवं घालून आलो, तारंनं आवळून. आता पसरणीत गाडी पडंल, पर बफर पडायचं न्हाईत."

काकू उद्या आठला निघणार आहेत. मी माळ्यावर झोपायला गेलो.

२२ मार्च, शनिवार

झोप लागलीच नाही. पाच वाजता मिस्त्रींच्या दारात गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्रॉलीचंही.

त्यांनी पायात चप्पल घातली, मोटारसायकल काढली. मी मागे बसलो. सांगलीत काकूंच्या अंगणात मिस्त्री स्वतः गाडीखाली झोपले. तार कापली, बफर काढले. मला हात लावू दिला नाही. काकूंना म्हणाले, "ताई, माझी चूक झालती. आता बिनघोर जावा."

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. इंजिन बंद करून, पुढे बघतच बोलले.

"काढलंस त्याचा राग न्हाई. बरोबर केलंस. पर महिनाभर मला चौकात बोलू दिलंस. शेजारी बसून चहा पीत हुतास."

मालगाडी गेली. फाटक उघडलं.

"उद्यापास्नं येऊ नगंस."

दुपारी माळ्यावरून वळकटी घेऊन उतरलो. मिस्त्री एका जीपखाली होते. त्यांचे पाय दिसत होते. मग एसटी धरली.

२३ मार्च, रविवार. आटपाडी

काकूंचा फोन आला. घाट चढून पाचगणीला पोहोचल्या. "एकदासुद्धा भीती वाटली नाही बघ. लालासाहेब काल फोनवर सांगत होते, काम सगळं रविराजचं. आता यापुढे गाडीला तूच हात लावायचा. आल्यावर कधी आणू गॅरेजवर?"

मी म्हणालो, "आणा केव्हाही." मला काढलंय, हे सांगितलं नाही.