कंपनीचीच गोळी

२ एप्रिल, सकाळी
बीपीच्या गोळीचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. म्हणे सरकारी नियमच आहे, जेनेरिक मिळत असेल तर ब्रँडचा खर्च नाही. फोनवरच्या मुलीला सुनावलं, मी मिश्रीलाल, जन्मभर जळगावात चहापत्ती विकली, मला माल कळतो. (सुटी विकली. कंपनीवाले नुसत्या डब्याचे पैसे घेतात, असं मीच गिऱ्हाइकांना सांगायचो. पण चहा वेगळा, औषध वेगळं.) आजपासून लढा.

६ एप्रिल, रविवार
पारस धुळ्याहून गोळ्या घेऊन आला. तिथे त्याचा मित्र गिरधर औषधांचा स्टॉकिस्ट आहे. जळगावात ही गोळी मिळत नाही. कुठे विचारलं नाही, पण मिळत नसणारच. दालबट्टी केली होती. मुलगा येणार म्हणून नव्हे, मलाच खावीशी वाटली. तो म्हणाला, बाऊजी, जेनेरिक घ्या ना, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळते, मलाही दर महिन्याला पळावं लागणार नाही. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तासभर बसला. बराचसा मोबाइलमध्ये.

१५ एप्रिल
स्वयंपाकाच्या मंदाबाईंना लढा समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, गोया बठ्ठ्या सारख्याच शेतस, बाऊजी. म्हणे सगळ्या गोळ्या सारख्याच! त्यांना बीपी नाही, म्हणून बोलतात.

२२ एप्रिल
जेनेरिकची पट्टी आणली, फक्त पुरावा म्हणून. घेतली. लगेच चक्कर. (भर दुपारी उन्हातून चालत आणली होती, पण त्याचा संबंध नाही.) डॉक्टरांनी बीपी मोजला, नॉर्मल निघाला. मशीन जुनं असावं. 'ब्रँडच द्यावा' अशी चिठ्ठी मागितली. आधी नाही म्हणाले. मी खुर्चीतून उठलो नाही, तेव्हा दिली.

४ मे, रविवार
पारस आला. गाडी चालूच ठेवली होती. दालबट्टी डब्यात भरून दिली.

१९ मे
विमा लोकपालांकडे केलेल्या तक्रारीची सुनावणी व्हिडिओवर. अधिकारी मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर नियमात अपवाद आहे, विचार करू. तेवढ्यात मी हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, मॅडम, माझा मुलगा बिचारा या एका गोळीपायी दर महिन्याला धुळ्याहून हेलपाटे घालतो. मॅडम हळहळल्या. वकील व्हायला हवं होतं मी.

१ जून
पारसला काम निघालं. गोळ्या एसटीच्या पार्सलने पाठवतो म्हणाला. म्हटलं, नको, उन्हात औषध खराब होतं. संध्याकाळी आला. चेहरा उतरलेला होता, पण आला.

१२ जून
जिंकलो. ब्रँडचा पूर्ण खर्च मंजूर. शिवाय मॅडमचा खास आदेश: मुलाची गैरसोय लक्षात घेता कंपनीने गोळ्या दर महिन्याला घरपोच द्याव्यात. पारसला लगेच फोन केला. त्याला इतकं खूश झालेलं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. म्हणाला, मानलं बाऊजी तुम्हाला, सुटलो मी.
मीही खूश आहे. तत्त्व जिंकलं.

६ जुलै, रविवार
गोळ्या कुरिअरने आल्या. सवयीने दालबट्टी दोघांची झाली होती. कुरिअरवाल्याला बसा म्हटलं, पण त्याला पुढे नशिराबादला जायचं होतं. मंदाबाईंची आज सुट्टी. कुरिअरवाला सोडला तर दिवसभर कोणाशी बोललो नाही. फार एकटं वाटलं.
संध्याकाळी पारसला फोन केला. म्हटलं, ही गोळी वेगळी वाटते रे, गिरधरकडचीच लागते मला. तो म्हणाला, बाऊजी, कंपनी तीच आहे, डबा बघा.
चष्मा लावून बघितलं. तीच आहे.