हर्रासाचा घसा

१४ नोव्हेंबर
अमरावतीच्या भाजी यार्डातला भोंगा दुरुस्तीले घेऊन अकोल्याले गेलतो. साजिदच्या दुकानात टेबलावर कोणाचा तरी टेप डेक उघडा पडला होता, बंगलोरहून पार्सलनं आलेला. आता हे काम करणारे राहिलेच किती, म्हणून कुठून कुठून येते त्याच्याकडं. त्या गिऱ्हाइकानं मजुरीसोबत खोकंभर कॅसेटा पाठवल्या. सा. म्हणे, "मशीन चेक कराले हेच लावतो मी. आयक."
लावली. चहाचा कप उचलला तं गाणं सुरू झालं, ठेवला तं खतम. टिनावर गारा पडाव्या तसे ड्रम, अन् त्याच्या मांगून एक माणूस असा वरडून राहिला का जसं त्याले कोठीत कोंडलं.
"हे काय हाय बे?"
"ग्राइंडकोर."
मंग दुसरी लावली, ती ब्लॅक मेटल. कॉलेजात मी अन् सा. मोबाइलवर मेटल आयकत होतो, पण हे तसलं नाई. अर्धं खोकं उचलून आणलं. भोंगा तिथीच विसरलो.

१५ नोव्हेंबर
हिरव्या सांभाराच्या जुड्यांचे ढीग लई. बिनाभोंग्यानं हर्रास पुकारला, तरी शेवटच्या रांगेतला व्यापारी बोली देऊन राहिला. आमच्या अडतीले भोंगा शोभेपुरताच हाय, हे मी खुशाल लिहितो.
हर्रास आटोपल्यावर गाडीत कॅसेट लावली. बाबांनी घेतलेली जुनी पिकअप, तिच्यातला टेप अजून चालते. नुसता खरखराट. हेड मळलं असंल म्हणून स्पिरिटनं पुसलं. तरी तसंच. परत पुसलं. शेवटी सा.ले फोन.
"अबे येड्या, ते तसंच हाय. मुद्दाम तसं रेकॉर्ड करतात ते."
म्हणजे आपण माल धुऊन त्याची चव घालवून राहिलो होतो.

१९ नोव्हेंबर
कॅसेटांवरची नावं वाचता येत नाई. अक्षरं नाई ते, उपटलेल्या झाडाच्या मुळ्या. म्हणून मीच नावं ठेवली.
मुळ्या – ब्लॅक मेटल, पण मधातच सनईवानी काहीतरी वाजते. लग्न अन् मयत एकाच मांडवात.
पिवळी – ग्राइंड. एका बाजूले इतके गाणे का मोजणं सोडून दिलं.
बिनकव्हर – कोणी गातच नाई. अख्खी बाजू एकच सूर, अन् अगदी शेवटाले एक किंकाळी. तिची वाट पाहत गाडी बडनेऱ्यापर्यंत नेली, काही काम नसताना.
आज माधुरी बाजूले बसली होती. दोन गाणे आयकले अन् म्हणे, "तुमी यार्डात याच्याहून जोरात वरडता." अन् मटार सोलत राहिली. बायकोनं तारीफ केली का टोमणा मारला, अजून समजलं नाई.

२७ नोव्हेंबर
बिनकव्हरच्या दुसऱ्या बाजूले खालून एक गुरगुर येते, एकदम खोलातून, वाढत जाते, कमी होते. काय डोकं लावलं त्या माणसानं! सा.ले फोनवर अर्धा तास सांगतलं. तो म्हणे माह्या डेकवर तं असं काही येत नोतं.
आज मेकॅनिककडं गेलो. मांगच्या चाकाची बेअरिंग गेली. बदलली. गुरगुर बंद.
आता ती दुसरी बाजू मले बेचव लागते. सा. अजून हसून राहिला.

९ डिसेंबर
मोर्शीले संत्र्याचा माल पाहाले गेलतो. येताना रस्ता खाली, काचा वर, पिवळी लावली अन् तिच्यासंग तोंड उघडलं. आधी नुसता खोकला. मंग आवाज पोटातून दाबून काढला, जसा शेवटच्या ढिगाले काढतो तसा, अन् एकदम निघाला. तोच आवाज. कॅसेटमधला. गाडी बाजूले घेतली अन् कॅसेट मांगं फिरवून परत तसाच काढून पाहिला.
आमच्या घरात तीन पिढ्या पुकारा हाय. आजोबा पुकारत, मंग बाबा. बाबांचा आवाज पुकारून पुकारून फाटला, आता ते बोलतात तं कोरडा पालापाचोळा तुडवल्यावानी वाटते. त्यांच्या जागी मी उभा राहिलो. ह्या आवाजाचं यार्डाच्या बाहेर काही होऊ शकते, हे आमच्यातल्या कोणालेच सुचलं नोतं. मले सुचलं. आज कोणी काही म्हणो, माही छाती फुगली हाय.

२१ डिसेंबर, अकोला
सा.च्या दुकानामांगची खोली. ड्रम त्याचे, गिटारबी त्यानंच आधी वाजवून रेकॉर्ड करून ठेवली होती. समोर डेक, त्यात कोरी कॅसेट, थेट रेकॉर्ड. मी दोन दिवस बसून शब्द लिहिले होते: अंधार, राख, मसणवटा, असं सगळं भारी भारी.
सा.नं ड्रम सुरू केले अन् डोकं कोरं. एक शब्द आठवंन तं शपथ. पण ड्रमचा वेग असा होता का तोंड आपोआप सुटलं. "कोबी कोबी कोबी, चारशे, चारशे दहा, दहा दहा, वीस कोन, वीस आला, तीस, अरे पाह्य माल पाह्य…" थेट हर्रास. पाचशे वीसवर माल सुटला अन् सा.नंबी तिथीच ड्रम तोडला.
मी म्हटलं चुकलं, पुसून टाक. सा.नं कॅसेट काढली अन् तिचे मांगचे दोन्ही दाते पेचकसानं मोडून टाकले, का तिच्यावर आता कोणाले काही भरताच येऊ नये.
"हे पुसणाऱ्याचे हात तोडीन मैं."

३ जानेवारी
पोलंडातला एक जण घरूनच कॅसेटा काढते, सा. त्याच्याकडून मागवते. त्याले आमचं गाणं मेलवर पाठवलं. उत्तर आलं. तो काढतो म्हणते. वरून विचारलं का हा कोणता विधी हाय, अन् यात कोणाले आवाहन करून राहिले.
सा. म्हणे, काय सांगू?
म्हटलं, खरं सांग. विधीच हाय, रोज सकाळी असते, अन् आवाहन परतवाड्याच्या व्यापाऱ्याले हाय.
त्याले ते लईच आवडलं म्हणे. दिवसभर हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. बाबांनी विचारलं, काय झालं रे दिना? काही नाई म्हटलं.
आता रोज सराव. गाडीत, काचा वर.

१७ जानेवारी
आवाज गेला.
भातकुलीच्या एका शेतकऱ्याचा फुलकोबीचा ढीग होता. तीनशे पुकारलं, पुढचं निघालंच नाई. नुसती हवा. परत तोंड उघडलं, हवा. व्यापारी पाहून राहिले, तो शेतकरी माह्या तोंडाकडं पाहून राहिला. बाजूच्या अडतीचा पुकारा जोरात सुरू होता, दोन व्यापारी तिकडं वळलेबी.
मंग बाबा तागडीवरून उठले. माह्या खांद्यावर हात ठेवून मले बाजूले केलं अन् स्वतः पुकारलं, त्याच फाटक्या आवाजात. जोर नाईच, म्हणून सगळ्याले जवळ यावं लागलं. ढीग चांगल्या भावात गेला. वळलेले दोघंबी वापस आले. मले इतका अभिमान वाटला अन् तितकीच लाज.
घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "गाडीत काय करतं तू काचा लावून?" त्यांनी आधीच आयकलं होतं तं.

१९ जानेवारी
घशाची डॉक्टर. नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्हीकडं बारक्या गाठी. बाई म्हणाल्या, "दीड महिना बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."
माधुरी सोबत होती. घरी येऊन बोलली. "तुमचा घसा एकट्या तुमचा नाई, घरातल्या सगळ्यांचा हाय. मानूस आवाज पाहून आपल्या अडतीवर माल आनते. तो नसंल तं काहून येईन?"
खरं हाय तिचं. 

४ फेब्रुवारी
मौन. यार्डात मले मौनीबाबा म्हणून राहिले. वजन करतो, शेतकऱ्याच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहितो, हातवारे करतो. पुकारा बाबा करतात, रोज. घरी आले का गरम पाण्याचा पेला घेऊन बसतात. परवापासून त्यांचा आवाज आणखी खाली गेला. मले मनाई डॉक्टरची, त्यांले मनाई कोणाची नाई, म्हणून ते पुकारून राहिले. माह्या छंदापायी म्हाताऱ्याचा उरलासुरला आवाज जाऊन राहिला. हे मले पटत नाई, पण 'थांबा' म्हणायले तोंड नाई.

२२ फेब्रुवारी
कॅसेट आली.
पोलंडाहून अकोला, अकोल्याहून सा. स्वतः एसटीनं घेऊन आला. कव्हरवर आडवा कापलेला कोबी, काळ्यापांढऱ्यात, पाहता पाहता भेव वाटते. वर मुळ्यांच्या अक्षरात "हर्रास". खाली साध्या अक्षरात अमरावती-अकोला. ते दोन शब्द मी किती वेळ पाहत बसलो. आपल्या गावाचं नाव अशा जागी, अन् ते आपल्या घशानं नेलेलं. मोबाइलवर असतं तं नसतं वाटलं असं. हे हातात धरता येते.
सा.नं बाबांले गाडीत बसवलं अन् लावली. मी मांगं पिकअपच्या हौद्यात उभा, काचेतून पाहून राहिलो. बाबांनी डोळे मिटले. ड्रमाले एकदा दचकले, मंग नाई. गाणं संपलं.
"पाचशे वीसवर काहून सोडला? व्यापारी अजून तयार होता ना."
सा. म्हणे, "चाचा, तिथं ड्रम संपला."
"ड्रम संपला म्हनून माल सोडाचा का?" मंग म्हणे, "वापस लाव."
किती वेळा लावली कोणास ठाऊक. माधुरी चहा घेऊन आली, तिनंबी एकदा उभ्यानं आयकलं. "समजते सगळं," एवढंच म्हणाली. म्हणजे तिले नुसता पुकाराच नाई, माहं येडबी समजलं. सगळं समजलं. मी हौद्यात बसून रडलो, आवाज न करता, नियमानुसार.

२ मार्च
परत नळी. गाठी बसल्या, पण खूण हाय. बाई म्हणाल्या, "बाजारातलं ओरडणं जमेल, जपून. ते दुसरं केलंत तर बाजाराची खात्री मी देणार नाही."
मी "बरं" म्हटलं. दीड महिन्यातला पहिला शब्द. आवाज माहाच होता, थोडा बारीक.

६ मार्च
आज पुकारलं. पहिले दोन ढीग भेत भेत, मंग जमलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बाबा तागडीवर बसून मान खाली घालून आयकत होते.
हर्रास आटोपल्यावर सा.चा फोन. पोलंडवाल्याले आता अख्खा अल्बम पायजे, दोन्ही बाजू. एका गाण्यानं भागत नाई म्हणे. एप्रिलात रेकॉर्ड करू, तू फक्त हो म्हण.
चहाच्या टपरीवर बाबांले सांगतलं सगळं, डॉक्टरचंबी. वाटलं होतं का सरळ नाई म्हणतील, मंग मले सोपं जाईन. त्यांनी बशीत चहा ओतला. 
"माधुरी म्हनते ते खरं हाय. घर हाय, अडत हाय. मी तुले कर, असं नाई म्हनत. नोको करू, असंबी नाई म्हनत." मंग त्या फाटक्या आवाजात, मले जवळ वाकावं लागलं इतक्या हळू, "माहा आवाज भेंडी पुकारण्यापायी गेला, दिना. त्याची कोनी कॅसेट नाई काढली."
चहा पिऊन ते तागडीकडं गेले. मी अजून टपरीवरच हावो. सा.ले हो का नाई, अजून कळवलं नाई.